पार्ट मिळतात हो, सेटिंग करणारे मिळेनात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे जुन्या गाड्यांवर पानभर मजकूर आला होता, फोटो झकास होते, घरात सगळ्यांनी वाचला. पण त्यात असं लिहिलं होतं की या गाड्यांचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत, त्यामुळे एकदा का मागचा अ‍ॅक्सल आवाज करायला लागला की गाडी दारात शोभेला ठेवायची नाहीतर भंगारात द्यायची. हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण असं वाचूनच लोक गाड्या काढून टाकतात. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, जागेअभावी कापावं लागलं तर बाकीचं कापा पण सेटिंगचं, म्हणजे आतले दाते मोजून जागेवर बसवण्याचं, जे लिहिलंय ते राहू द्या ही विनंती.

आमच्याकडे १९७० ची फियाट ११०० डिलाइट आहे, वडिलांच्या वेळची. तिचं मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला दात्यांचा डबा, आम्ही गेल्या हिवाळ्यात पूर्ण खोलून पुन्हा बांधलं. बेअरिंग नवी, ऑइल सील नवे, शिम (माप जुळवायला घालतात त्या पातळ चकत्या) नवे, आतले थ्रस्ट वॉशर नवे, क्राऊन-पिनियन, म्हणजे मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकाची जोडी, मात्र तीच, गाडीबरोबर कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. आज ही गाडी चौघांना घेऊन भोरमार्गे वरंध घाट उतरून महाडला जाते आणि मागून हूं नाही की चूं नाही. त्यामुळे पार्ट मिळत नाहीत हे कारण मला पटत नाही. मिळत नाही तो माणूस, ज्याला ते सगळं मोजून परत जागेवर बसवता येतं.

ज्यांनी हा प्रकार कधी उघडा बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. फियाटच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये साधारण सव्वा मीटर अंतर आहे, म्हणजे नुसता यू टर्न मारला तरी बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास ४ मीटर जास्त फिरतं, आणि वळण मोठं घ्या नाहीतर छोटं, हा फरक तेवढाच राहतो, हवं तर कागदावर करून बघा. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट असती तर प्रत्येक वळणावर एक टायर घासत गेला असता आणि दांड्यावर पीळ बसला असता तो वेगळाच. हा प्रश्न पेट्रोलच्या गाड्यांच्या आधीचा, फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्योर नावाच्या माणसाने १८२७-२८ च्या सुमारास वाफेवरच्या गाडीसाठी यावर दात्यांची व्यवस्था शोधली आणि आजही तत्त्व तेच आहे. डिफरन्शियलचं दुसरं काम म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचं) फिरणं काटकोनात वळवून चाकांना देणं आणि देताना वेग कमी करून जोर वाढवणं. समजा पिनियनला १० दात आणि क्राऊनला ४३ आहेत, तर शाफ्टचे ४.३ फेरे झाले की चाकाचा एक. आणि १० आणि ४३ असे आकडे मुद्दाम निवडतात कारण दोघांना भाग जाईल असा आकडा नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. इतका विचार त्या एका डब्यात आहे.

फियाटचं क्राऊन-पिनियन हायपॉइड जातीचं. म्हणजे पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर न भिडता थोडं खाली भिडतं. अमेरिकेत पॅकार्डने १९२६ च्या सुमारास हे गाड्यांत आणलं, त्याने प्रोपेलर शाफ्ट खाली गेला, गाडीचा तळ खाली घेता आला, दात लांब आणि मजबूत झाले, आवाज कमी झाला. पण याची किंमत अशी की हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत तर लांबीच्या दिशेने घसरतातही, आणि सगळा भार असताना घसरतात. त्यामुळे ऑइल चुकलं किंवा सेटिंग थोडंसं चुकलं की हायपॉइड माफ करत नाही.

आमच्या गाडीचा आवाज असा होता की साठच्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की शिट्टीसारखा सूर यायचा आणि पाय काढला की तो जाऊन त्याच्या जागी घरघर यायची. शिवाय गिअर टाकून क्लच सोडला की मागे ठक्क. आता आवाज ऐकून बऱ्याच गोष्टी कळतात आणि हे मालकांनाही माहीत असायला हवं. भार असताना सूर आणि पाय काढला की सूर बदलतो, तर दात किंवा पिनियनची जागा हललीय. सतत घरघर, वेगाबरोबर वाढणारी, तर बेअरिंग. फक्त वळतानाच आवाज येतो, सरळ चालताना नाही, तर आतल्या छोट्या गिअरांचं काम आहे. नुसता ठक्क असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) हलवून बघा, कित्येकदा तिथेच निघतं आणि डिफरन्शियल उगाच खोललं जातं. जुनी गाडी विकत घेताना अजून एक, डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बोटांत चोळून बघा. आवाज दाबायला आत लाकडाचा भुसा किंवा जाडजूड ग्रीस भरून गाडी खपवायची दलालांची युक्ती जुनी आहे आणि ती अजून गेलेली नाही.

आम्ही आधी एका मोठ्या नावाजलेल्या गॅरेजमध्ये गेलो होतो. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, आवाज ऐकला आणि सांगितलं की हे कोणी करत नाही आता, अख्खा हाऊसिंग (अ‍ॅक्सलचं बाहेरचं कवच) काढून टाका, एखाद्या छोट्या पिकअपचा अ‍ॅक्सल कापून मापात बसवून देतो. पैसेही घसघशीत सांगितले. नाव लिहीत नाही कारण प्रश्न एका गॅरेजचा नाही, हेच उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. पण त्यात काय काय होतं ते कोणी सांगत नाही. पाट्यांच्या बैठका बदलतात, ब्रेकच्या नळ्या बदलतात, हँडब्रेकची केबल जुळत नाही, चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ वेगळं निघतं, रेशो बदलला की गाडीचा स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो कारण त्याची केबल गिअरबॉक्समधून येते, आणि एवढं करून कापून वेल्डिंग केलेल्या अ‍ॅक्सलवर घरच्या माणसांना बसवून घाट उतरायचा. मला हे मान्य नाही.

शेवटी माणूस मिळाला तो एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेला. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी आयुष्यभर बसचे क्राऊन-पिनियन सेट केलेत, फियाटचं त्या मानाने लहान पण तत्त्वात काहीही फरक नाही असं म्हणाले आणि पहिल्याच दिवशी मला सांगितलं की पाना हातात घ्यायच्या आधी सेंटर पंच घे. कारण क्राऊनच्या दोन्ही बाजूंच्या साइड बेअरिंगवरच्या ज्या दोन टोप्या असतात त्या हाऊसिंगला बसवूनच कारखान्यात एकत्र बोअर केलेल्या असतात. डावी उजवीकडे गेली किंवा उलटी बसली की बेअरिंगचं घर गोल राहत नाही. म्हणून सोडायच्या आधी टोपीवर आणि हाऊसिंगवर खुणा, डावीकडे एक टिंब, उजवीकडे दोन. आणि सोडायच्या आधीच जुना बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) मोजून आणि जुना ठसा (दात कुठे टेकतात त्याची खूण) बघून कागदावर लिहून ठेवायचा, म्हणजे गाडी इतकी वर्षं कुठे चालत होती ते कळतं. जुन्या दातांना जुन्याच जागी चालायची सवय असते, त्यांना नव्या जागी नेलं की मॅन्युअलप्रमाणे सगळं बरोबर असूनही ते ओरडतात. हे मला कुठल्या पुस्तकात नाही, त्यांच्याकडून कळलं.

पार्टांचं म्हणाल तर बेअरिंग टेपर रोलर असतात आणि प्रत्येकाच्या रिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घासून साफ करून वाचला की चांगल्या बेअरिंगच्या दुकानात तोच किंवा त्याच मापाचा मिळतो, त्यांना गाडीचं नाव सांगायचीही गरज नाही. ऑइल सील आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या तीन मापांवर मिळतो. थ्रस्ट वॉशर चांगला टर्नर करून देतो. शिम भोसरीत सरफेस ग्राइंडिंगवाल्याकडून हव्या त्या जाडीचे कडक पोलादाचे करून घेतले, पत्र्याचे किंवा पितळेचे कापलेले शिम पिनियनच्या बेअरिंगखाली अजिबात टाकू नयेत, ते भाराने चेपतात आणि चार महिन्यांत सेटिंग गेलं म्हणून समजा. हाफ शाफ्टच्या (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला धरून ठेवणारी जी दाबून बसवलेली रिंग असते ती मात्र एकदा छन्नीने फोडून काढली की परत वापरायची नाही, नवी करून गरम करून चढवायची, कारण मागचं चाक शाफ्टसकट बाहेर येण्यापासून तीच रोखते. खरी अडचण फक्त क्राऊन-पिनियनची. ती दोन्ही कारखान्यात जोडीने एकत्र घासलेली असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, एकाचं पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला लावून चालत नाही. नवी जोडी करून देणारे गिअरवाले आपल्याकडे आहेत पण एका जोडीसाठी मशीन लावणं, मग पृष्ठभाग कडक करायची हीट ट्रीटमेंट, त्यात दात वाकतात म्हणून परत जोडीने घासणं, हे सगळं महाग जातं. जुन्या जोडीचे दात तुटलेले नसतील, त्यांना खड्डे पडलेले नसतील तर तीच वापरावी. आमची तशी निघाली.

आता सेटिंग. याच्या चार गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत म्हणून लोक घाबरतात.

पहिली पिनियनची खोली, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यापासून किती लांब बसतं. पिनियनच्या डोक्यावर अधिक किंवा उणे असा बारीक आकडा कोरलेला असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. कारखान्यात ते पिनियन आदर्श मापापेक्षा किती आत किंवा बाहेर बसलं की सगळ्यात कमी आवाज येतो ते त्या आकड्यात असतं. डोक्यामागच्या बेअरिंगखालचा शिम त्यावरून ठरतो. कित्येक ठिकाणी तो आकडा ग्रीसखाली असतो आणि कोणी पुसूनही बघत नाही.

दुसरी गोष्ट पिनियनच्या बेअरिंगांचा ताण, ज्याला प्रीलोड म्हणतात. टेपर बेअरिंग ढिली ठेवून चालत नाही, थोडी दाबलेली लागतात, नाहीतर भार आला की पिनियन मागे सरकतं आणि सगळं मोजमाप पाण्यात. पण जास्त दाबली तर तापून जळतात. हे मोजायला काकांनी काय केलं बघा, पिनियनच्या फ्लँजला (बाहेरच्या टोकाच्या चकतीला) सुतळी गुंडाळली, तिच्या टोकाला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवला आणि हळूहळू एकसारखी ओढत राहिले. सुरुवातीला काटा उडी मारतो ते धरायचं नाही, पिनियन संथ फिरायला लागल्यावर काटा जिथे स्थिर राहतो तो आकडा. फ्लँजची त्रिज्या माहीत असली की त्यावरून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताळा घालता येतो. नट थोडा आवळा, परत ओढा, थोडा आवळा, परत ओढा. ऑइल सील हे सगळं झाल्यावर बसवायचा, आधी बसवला तर त्याचाच घसारा मोजला जातो. आणि बेअरिंग जुनी परत वापरत असाल तर ताण नव्यापेक्षा कमी ठेवायचा. काही गाड्यांत दोन बेअरिंगांच्या मध्ये दबणारी नळी असते, ती एकदा जास्त आवळली गेली की नट ढिला करून उपयोग नाही, नळी नवीच टाकावी लागते, म्हणून तिथे घाई नको. इम्पॅक्ट गन तर त्या टेबलाजवळही आणू नये.

तिसरी गोष्ट बॅकलॅश, दातांमधली मोकळी जागा. पिनियन धरून ठेवून क्राऊन मागेपुढे हलवायचं आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं माप) दाताला बरोबर काटकोनात टेकवून बघायचं. साधारण ०.१० ते ०.१५ मिमीच्या आसपास येतं, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. एकाच दातावर मोजून थांबायचं नाही, क्राऊन फिरवत चारपाच जागी मोजायचं, सगळीकडे सारखं आलं तर ठीक, फरक पडत असेल तर क्राऊन वाकडं बसलंय. बहुतेक वेळा क्राऊनच्या मागे बोल्टाच्या भोकाशी बारीक उचललेला बर (धातूची उठलेली कड) असतो किंवा कचरा, तो तेलदगडाने काढला की सरळ होतं. बॅकलॅश बदलायला दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टिंग रिंगा असतात, एक जितकी सोडली तितकीच दुसरी आवळायची, म्हणजे क्राऊन सरकतं पण साइड बेअरिंगांचा ताण तोच राहतो.

आणि चौथी गोष्ट ठसा, आणि खरा निकाल इथे लागतो. क्राऊनच्या काही दातांना मार्किंग ब्ल्यूचा (ठसा घ्यायच्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ हात मारायचा, जाड नाही, मग क्राऊनला लाकडाने थोडा अडसर देऊन पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचं. पिनियन जिथे टेकतं तिथला रंग दाबला जाऊन ठसा उमटतो. तो दाताच्या मध्यावर, थोडा आतल्या टोकाकडे झुकलेला हवा, कारण पुरा भार आला की तो आपोआप बाहेरच्या टोकाकडे पसरतो. ठसा दाताच्या वरच्या कडेला आला तर पिनियन लांब आहे, जाड शिम टाकून जवळ घ्या. बुडाशी आला तर फार आत गेलंय, पातळ शिम. टोकाकडून टोकाकडे सरकवायचा तर क्राऊन हलवा. पिनियन हलवलं की बॅकलॅश बदलतो, मग क्राऊन परत हलवायचं, मग ठसा परत बघायचा, आणि प्रत्येक वेळी शिम बदलायला बेअरिंग पुलर लावून काढायचं. काकांनी त्यासाठी जुन्या बेअरिंगची आतली रिंग घासून थोडी सैल करून ठेवलेली, ती हाताने चढते हाताने उतरते, सेटिंग पक्कं झालं की मगच नवं बेअरिंग प्रेसवर दाबायचं. असे लोक निवृत्त होऊन घरी बसलेत आणि आपण पार्ट नाहीत म्हणून रडतोय.

एक मुद्दा मुद्दाम लिहितो कारण तो आपल्या घाटांशी जोडलेला आहे. दाताला दोन बाजू असतात, एक इंजिन चाकांना ढकलतं तेव्हाची आणि दुसरी चाकं इंजिनला ढकलतात तेव्हाची. सपाट मुलखात दुसऱ्या बाजूकडे फारसं कोणी बघत नाही, पहिली नीट आली की डबा बंद. पण आपण दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून किलोमीटरच्या किलोमीटर घाट उतरतो, तेव्हा सगळा भार त्या दुसऱ्या बाजूवर असतो. वरंध, आंबोली, कुंभार्ली, कुठलाही घाट घ्या. म्हणून सह्याद्रीत चालणाऱ्या गाडीचा दोन्ही बाजूंचा ठसा बघूनच झाकण लावावं.

ऑइल आणि ब्रीदरचं थोडक्यात. हायपॉइडला ईपी ९० (भारी दाब सोसणारं गिअर ऑइल) लागतं, त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं दातांवर थर धरून ठेवतात, साधं ऑइल टाकलं तर दात खरवडले जातात. पण जीएल-५ दर्जाचं हेच ऑइल डबा उरला म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका, जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना ते खातं. आणि हाऊसिंगवर एक छोटीशी ब्रीदरची नळी किंवा टोपी असते, चिखलाने बुजलेली. गाडी तापली की आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती ऑइल सीलमधून ढकलते आणि ते जाऊन मागच्या ब्रेक लायनरवर पसरतं. मग लोक सील बदलत बसतात, परत गळतं, परत बदलतात. ब्रीदर आधी तारेने मोकळा करा, खर्च शून्य. बांधून झाल्यावर सुरुवातीला गाडी जास्त भार न देता चालवली, मधेच उतरून पिनियनच्या नाकाला हात लावून बघितला, हात ठेवता येतो म्हणजे बेअरिंग खूश आहेत, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ऑइल बदललं.

आता मूळ दुखणं. हे कसब आपल्याकडे होतं, भरपूर होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्यातून फियाट बाहेर पडल्या, पुढे तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी झाली. टॅक्सी दिवसरात्र चालायची, तिचं डिफरन्शियल आज ना उद्या खोलायला यायचंच, त्यामुळे कुर्ला, ताडदेव, भायखळा, जिथे जाल तिथे गल्लीत क्राऊन-पिनियन बसवणारा असायचा आणि त्याच्या हाताखाली एक पोरगा शिकत असायचा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ची, वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ ला ती रस्त्यावरून उतरली. बातम्या आल्या, लोक हळहळले, फोटो काढले. पण त्या टॅक्स्यांबरोबर त्यांचं रोजचं काम गेलं, काम गेलं म्हणून मिस्त्री दुसऱ्या धंद्याला लागले आणि हजारो चांगले हाऊसिंग क्राऊन-पिनियनसकट वितळवायला गेले, याची बातमी कुठे आली नाही. आज ज्यांच्या घरी फियाट आहे त्यांना जी टंचाई वाटते ती इथून आलीय.

सरकारी नियमाबद्दलही थोडं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या गाडीला व्हीए अक्षरांचा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, नंतरच्या नूतनीकरणाला ५,०००. नियम चांगला आहे, स्वागतच आहे. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यात मोठे बदल केलेले नकोत असं आहे. मग डिफरन्शियलचं काय? त्याच जातीची बेअरिंग, सील, शिम घालून ते दुरुस्त करणं म्हणजे बदल नव्हे हे कुणालाही कळेल, पण गाडी तपासायला येणाऱ्याला ते कळावं म्हणून परिवहन खात्याने एक साधं परिपत्रक काढून सगळ्या आरटीओंना कळवावं. उलट पिकअपचा अ‍ॅक्सल कापून लावलेली गाडी मूळ स्वरूपात आहे का हे मात्र नीट बघावं. दुसरं, व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कारणांनीच रस्त्यावर आणता येते. त्यातली देखभालीची मुभा मालकांनी जरूर वापरावी. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की क्राऊनच्या वरच्या दातांवरचं ऑइल खाली उतरतं, पावसाळ्यात हाऊसिंगमध्ये दमटपणा धरतो आणि नेमक्या त्या कोरड्या दातांवर गंज बसतो. चालवून, तापवून ऑइल फिरवलं तरच दात टिकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं मागणं आयटीआयबद्दल. मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा आहे, रिअर अ‍ॅक्सल शिकवतात, खोलून दाखवतात. पण मी ज्या ज्या मुलांशी बोललो त्यातल्या कोणी ठसा घेतलेला नव्हता, सुतळीचा ताण मोजलेला नव्हता. खोलणं आणि परत जोडणं शिकवलं जातं, सेट करणं राहून जातं. कोणी म्हणेल की फियाटसाठी आता मुलांना कशाला शिकवायचं. अहो फियाटसाठी नाही, गावोगावी चालणाऱ्या पिकअप, छोटे हत्ती, ट्रक, ट्रॅक्टर, एसटीच्या बस, या सगळ्यांच्या मागे क्राऊन-पिनियन आहे आणि ते सगळे कधी ना कधी ओरडतात. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरचं डिफरन्शियल गेलं तर शेतकरी काय करतो ते विचारा, अख्खा गोळा नवा टाकतो आणि कर्ज काढतो, जिथे बेअरिंग आणि शिम बदलून भागलं असतं. जो मुलगा हे सेटिंग शिकेल त्याला आपल्या तालुक्यात कामाची कधी ददात पडणार नाही. प्रत्येक आयटीआयला भंगारातला एक चांगला हाऊसिंग, एक डायल गेज, एक ताणकाटा आणि मार्किंग ब्ल्यूची ट्यूब द्या, आणि एसटीच्या दापोडी, चिकलठाणा, हिंगणा वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या लोकांना मानधन देऊन आठवड्यातून एक दिवस बोलवा. ते येतील. काका तर म्हणाले की पैसे नका देऊ पण शिकणारा पोरगा मन लावणारा द्या.

तुमच्या पेपरलाही विनंती. पुरवणीत गाड्यांचे फोटो छापता तसे या मिस्त्रींच्या हातांचेही छापा, त्यांच्याकडे बसून त्यांची पद्धत लिहून घ्या, जिल्ह्याजिल्ह्यात कोण हे काम अजून करतं ते वाचकांकडून मागवा. मालकाला माणूस सापडला तर तो गाडी विकत नाही हे मी माझ्या आजूबाजूला बघितलंय.

आणि ज्यांच्या गोठ्यात, माळ्यावर किंवा बंद गॅरेजमध्ये जुना फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडरचा मागचा हाऊसिंग पडलाय त्यांनी तो किलोच्या भावाने देऊ नये. उघडलेला असेल तर क्राऊन आणि पिनियनवरचा नंबर एकच आहे का ते बघा, दोन्हीला ऑइल चोळा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि तारेने एकत्र बांधून ठेवा, जोडी फुटली की त्याचा कोणालाच उपयोग नाही.

आपला,
एक वाचक, पुणे